तीन तास आडवं राहायचं

तफीला, शुक्रवार सकाळ

प्रिय शुरूक,

हे पत्र बसवाल्या अबू हमदानच्या हाती पाठवते आहे. फोनवर मी इंजेक्शन हा शब्द काढला की तू फोन ठेवतेस. या आठवड्यात तीनदा ठेवलास, तिसऱ्यांदा तर मी तोंड उघडायच्या आतच. कागदाला तसं गप्प करता येत नाही. शिवाय माझं अक्षर तू लहानपणापासून नावं ठेवत ठेवत का होईना, शेवटपर्यंत वाचतेस.

पत्राबरोबर डबा आहे. त्यात सुके अंजीर आहेत, डाळिंबाचा आटवलेला रस आहे आणि तेलाच्या साबणाच्या चार वड्या आहेत. खारवून सुकवलेल्या दह्याचे, जमीदचे गोळे नाहीत, लोणच्यातले ऑलिव्हही नाहीत. दोन्हींत मीठ किती असतं ते तुला ठाऊक आहे. चहात घालायची मरमियाची पानंही ठेवली नाहीत, पोटुशीनं तो चहा पिऊ नये. मोठी बहीण नर्स असली की खाऊसुद्धा असा येतो, चिडलीस तरी चालेल. यंदा ऑलिव्ह बरे धरलेत. आपल्या भाऊरायाला, हातिमला, सैन्यातून दोन आठवड्यांची रजा मिळाली तर झाडं वेळेवर उतरतील, नाहीतर मलाच शिडीवर चढावं लागेल आणि ते बघायला सगळी आळी जमेल.

फिरासनं मला सगळं सांगितलं. नवऱ्यावर रागावू नकोस. बंदरावर दिवसभर क्रेनवाल्यांवर ओरडणारा माणूस फोनवर इतका हळू बोलत होता की आधी मी ओळखलंच नाही. सातवा सरत आलाय, गोळ्या चालू असूनही दाब दीडशेच्या खाली येत नाही, पाय सुजलेत, अंगठी साबण लावून काढावी लागली. डॉक्टर हनान रविवारी दाखल करून घेणार आहेत. दाबानं गोळ्यांना जुमानलं नाही तर शिरेतून औषध द्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं, आणि तू कागदावर लिहून दिलंस की ते इंजेक्शन मला द्यायचं नाही, काहीही झालं तरी. खाली सही केलीस. सही करताना म्हणालीस म्हणे, माझ्या बापाला त्याच सुईनं पाडलं. शुरूक, दाब तसाच चढत राहिला तर तुला झटके येतील, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पोटातलं बाळ आतल्या आत जाईल. मी तेवीस वर्षं वॉर्डात काढलीत. तुला घाबरवायला हे लिहिलेलं नाही, पण घाबरलीस तर बरंच होईल.

बाबांना सुईनं पाडलं, हे वाक्य तुझं नाही. ते माझं आहे. तू अकाबाहून धावत आलीस तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. तू विचारलंस काय झालं, आणि मी म्हणाले, इंजेक्शननं चक्कर आली, पडले. तेवढंच म्हणाले. तीन वर्षं ते वाक्य घरात, आळीत, मयतीच्या मांडवात फिरत राहिलं आणि मी एकदाही त्याच्या आड आले नाही. त्या दिवशी खरं काय घडलं ते आज लिहिते.

बाबा गोळ्या कशा घ्यायचे ते आठवतं ना? डोकं दुखलं तर गोळी, नाहीतर गोळी कपाटात. मी भांडायचे, ते म्हणायचे, "दुखत नाही त्याला औषध कशाला?" त्या मंगळवारी सकाळी त्यांना डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, डोकं फुटतंय म्हणाले, आणि हातिमनं त्यांना माझ्याच वॉर्डात आणलं. दाब दोनशे अठ्ठावीस. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि ते मी माझ्या हातानं दिलं. हे औषध घाईनं ढकलायचं नसतं. घड्याळाकडे बघत दोन मिनिटं लावून पहिला डोस दिला. दंडाला पट्टा बांधलेला होता, दर पाच मिनिटांनी दाब मोजत होते. दहा मिनिटांनी दुसरा डोस दिला, नंतर तिसरा. तासाभरात दाब एकशे ऐंशीवर आला आणि डॉक्टर म्हणाले, बस, आज एवढंच. इतके दिवस चढलेला दाब एकदम खाली ओढला तर मेंदूलाच रक्त कमी पडतं. बाबांची नजर स्वच्छ झाली. माझ्या टोपीवर डाग पडलाय हे त्यांना पलंगावरून दिसलं आणि त्यांनी ते मोठ्यानं सांगितलंही. म्हणजे त्या सुईनं काम चोख केलं होतं, हे नीट वाच.

त्यानंतरचा नियम असा की तीन तास आडवं राहायचं. उठून बसायचंही नाही. आपण उभे राहिलो की रक्त पायांत उतरतं, एरवी शरीर ते चटकन सावरून घेतं, पण हे औषध ती सावरायची ताकद काही तासांपुरती काढून घेतं. मी बाबांना सगळं बजावलं. लघवीला उठायचं नाही, भांडं देईन. पाण्यासाठी उठायचं नाही, पाणी देईन. नमाजाला उठायचं नाही, पडल्या पडल्या करा. ते हसून म्हणाले, "मेलोच आहे असं समज." मी म्हटलं, तसंच समजा. पाहुण्यांसाठी उठायचं नाही, हे सांगायचं मात्र मला सुचलं नाही. आपल्याकडे ते कुणी सांगतं का? आणि पाहुण्यांना तीन तास बंदीच होती.

मोठे काका आणि बाबा नऊ वर्षं बोलत नव्हते हे तुला माहीत आहे. तू समजतेस की झऱ्याच्या पाण्याच्या पाळीवरून. पाळीवरून कुरबुर होती, पण तेवढ्यानं नऊ वर्षं जात नाहीत. आत्या गेली तेव्हा तू परीक्षेसाठी इर्बिदला होतीस. मयतीच्या मांडवात दोनशे माणसं बसली होती. मोठे काका आत आले, दोनशेच्या दोनशे माणसं उठून उभी राहिली, आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ कॉफीचा पेला हातात धरून बसून राहिला. काकांनी एकदा बघितलं, आल्या पावली परत फिरले. बाबांना त्याच रात्री पस्तावा झाला होता, मला ठाऊक आहे, पण पस्तावा घेऊन भावाच्या दारात जाणं त्यांच्यानं झालं नाही.

औषध देऊन झाल्यावर तासाभरात फाटकावरचा पहारेकरी मला सांगायला आला की तुझे काका अर्धा तास गाडीत बसून आहेत, आत येत नाहीत आणि परतही जात नाहीत. मी खाली गेले. त्यांना गाडीतून हाताला धरून उतरवलं. पहारेकरी म्हणाला, सिस्टर, अजून वेळ झाली नाही. मी म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर." शुरूक, मला त्या दोघांच्या भेटीची इतकी घाई झाली होती की मी नर्स आहे हे विसरले. मला वाटलं बाबा पलंगावर आडवे असतील, काका वाकून त्यांच्या कपाळाचा मुका घेतील आणि नऊ वर्षं मिटतील. मी पुढे गेले, बाबांना म्हटलं, कोण आलंय बघा. मग पलंगाचा कठडा मी खाली केला, काकांना जवळ बसता यावं म्हणून, आणि खुर्ची आणायला वळले.

बाबांनी दाराकडे बघितलं. पाय खाली सोडले. मी खुर्ची टाकून ओरडले, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. अंगावर हॉस्पिटलचा झगा, हाताला नळी, आणि दोनशे माणसांसमोर जे केलं नव्हतं ते त्यांनी त्या रिकाम्या खोलीत केलं. ताठ उभे राहिले. म्हणाले, "दादा, या." काका दोन पावलं पुढे आले, आणि ते पोचायच्या आत बाबांचा रंग गेला आणि ते पलंगाच्या लोखंडी पायावर कोसळले. खुबा मोडला. पुढचं तू पाहिलंस. शस्त्रक्रिया झाली, चार महिने अंथरुणावर गेले, छाती भरली, आणि शाबान महिन्यात ते गेले.

नोंदवहीत मी लिहिलं, रुग्ण स्वतःहून उठला. ते खोटं नव्हतं. भेटीची वेळ नसताना मी माणूस आत आणला आणि कठडा खाली केला, हे मात्र लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही, कारण तोवरच्या वीस वर्षांत माझ्या नोंदीवर कुणी शंका घेतलेली नव्हती. घरात मी सुईवर ढकललं, कारण खरं सांगितलं असतं तर आळीनं म्हटलं असतं, थोरला आला आणि धाकट्याला घेऊन गेला. काकांसाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर मी माझ्यासाठी गप्प बसले. मला तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं.

परवा काकांना तुझ्या सहीचं कळलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत माझ्या दारात आला, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "त्या पोरीला माझं नाव सांग. या वयात माझं कोण काय बिघडवणार आहे?" मी म्हटलं, काका, नाव तुमचं नाही, माझं सांगायचंय. ते काठी सावरत म्हणाले, "मग लिही लवकर." जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, तो उभा राहिला होता, हेही लिही. म्हणून लिहिलं.

आता तुझ्या कामाचं. ते इंजेक्शन गर्भारणीला देतात, मी स्वतः कितीतरी जणींना दिलंय आणि त्या पोरं कडेवर घेऊन मला बाजारात भेटतात. पण एक गोष्ट डॉक्टर हनानना तू सांगितलेली नाहीस, आणि त्यातही माझाच हात आहे. लहानपणी थंडीत तुला दमा व्हायचा. सोयरीक ठरताना फिरासच्या आईनं विचारलं, तब्येत कशी, आणि मी बेधडक म्हणाले, घोड्यासारखी. बाबांना दिलेलं औषध दमेकऱ्याची छाती आवळू शकतं. डॉक्टरांना दमा माहीत असेल तर त्या दुसरं देतील. दुसरं औषधही असतं, तेही तितकंच चांगलं. तेव्हा सासूबाईंना चहा प्यायला बाहेर पाठव आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग. सासूबाईंना कळलंच तर माझ्यावर ढकल. या बाबतीत खोटारडी मीच आहे. औषध देताना हळूहळू देतायत ना, दंडाला पट्टा आहे ना, बाळाचे ठोके बघतायत ना, हे विचारायला लाजू नकोस. विचारणाऱ्या बाईचा आम्हाला वैताग येतो, पण तिच्याकडे लक्ष जास्त राहतं. आणि डाव्या कुशीवर पडून राहा. पाठीवर झोपलीस तर पोटाचं ओझं रक्ताच्या वाटेवर येतं.

मी हे माफी मागायला लिहिलं असं तुला वाटेल. माफी मागायचीच आहे, पण ती सवडीनं दे, बाळ झाल्यावर दे, किंवा देऊ नकोस. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की रविवारी सकाळी दाखल होताना तू तो सहीचा कागद परत मागून घ्यावास आणि फाडावास. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, औषधावर नको, त्याची तुला गरज लागेल. उद्या दुपारच्या बसनं मी अकाबाला यायला निघते आहे, पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. रविवारी तुझ्या खोलीत येण्याआधी मी बाहेरच्या सिस्टरला विचारीन, औषध देऊन किती वेळ झाला, आणि तीन तास झालेले नसतील तर बाकावर बसून राहीन. तरीही कुणी मला वेळेआधी आत सोडलंच, तर नीट ऐक. मी तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी आहे, आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली आहे, आणि मी खोलीत आले की तू आजवर एकदाही बसून राहिलेली नाहीस. या वेळी उठू नकोस. पडून राहा, शुरूक. मी वाकेन.

तुझीच,
मैसून