उजव्या वायरीत नसलेली पेटी

मी, सूर्यभान गोविंदराव दुधाटे, वय ६१, धंदा भजनांचे रेकॉर्डिंग, राहणार सेलू, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून बोलतात, त्यामुळे जास्तच भीती वाटते.

१. घर व बँकेतली ठेव पत्नी हेमा हिला.

२. स्टुडिओ, मिक्सर, माइक मुलगी भक्ती हिला. मेहुणा हरिओम याला हेडफोनसुद्धा देऊ नये. त्याने नेलेला माइक बँडवाल्याकडे सापडला होता.

३. आई पार्वतीबाईंच्या भजनाचे मूळ रेकॉर्डिंग काळ्या हार्डडिस्कमध्ये आहे. भक्तीने त्याचे मिक्सिंग माझ्या दहाव्याच्या आत पुन्हा करावे. थोरला भाऊ बन्सीधर याची पेटी दोन माइकवर घेतली आहे, एक खर्जाकडे, एक वरच्या सुरांकडे. ते ट्रॅक दोन टोकांना नेऊ नयेत, नाहीतर पेटी भिंतीएवढी रुंद होते. एक जरासा डावीकडे, दुसरा जरासा उजवीकडे, मधोमध आईचा आवाज. मग एकेक स्पीकर बंद करून ऐकावे. दोन्हीकडून पेटी ऐकू आली पाहिजे.

४. कारण नऊ वर्षांपूर्वी मी ते दोन्ही ट्रॅक पार डावीकडे लोटले. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ह्याला सूर कळत न्हाई, नुसती बटनं फिरवायलाय." आमच्या गावी, पोखर्णीला, गल्लीतल्या कर्ण्याला फक्त उजवी वायर जोडलेली, म्हणजे डावीकडचे त्यात काहीच वाजत नाही. पुढच्याच वर्षी आई गेली. रोज सकाळी त्या कर्ण्यावर हेच भजन लावतात. तिचा आवाज येतो, टाळ येतात, पेटी येत नाही. दादाने विचारले, "माझी पेटी कुठं गेली रं?" मी म्हणालो, "कर्णा खराब हाय." गावात बोलले गेले की पेटी बेसूर होती म्हणून काढली. त्याने पेटी झाकली ती आजतागायत.

कर्णा खराब नव्हता. तो मीच बसवला होता. कोणती वायर जोडली आहे, हे मला माहीत होते.

५. दादाला काही ठेवत नाही. वाटेकरी साक्षीदार नको, असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीला तोच हवा. निरोप धाडल्यावर आला आहे. बाहेरच्या खोलीत बसलाय, पाणीही घेतलेले नाही. सहीआधी त्याने कलम ४ वाचावे.

ठिकाण: सेलू. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: सूर्यभान गोविंदराव दुधाटे (सही)

साक्षीदार १: संघप्रिया वाव्हळे, शेजारीण (सही)

साक्षीदार २: बन्सीधर गोविंदराव दुधाटे (सही). वाचलं, सूर्या. माफ न्हाई केलं. पन दहाव्यापर्यंत कशाला थांबायलास? मशीन चालू कर. मी हितंच बसतो.