पंक्चरवाल्याची मागची खोली

दादा,

मी पहिल्या बसने पुढे जातेय. जोडून सुट्ट्या आल्यामुळे अभयारण्याजवळचे सगळे लॉज भरलेत, आणि उरलेल्यांचे दर ऐकून मला घामच फुटला. शेवटी तिथल्या एका पंक्चरवाल्याने घरातली मागची खोली देऊ केलीय. दुपारपर्यंत कुणी पोचलं नाही तर दुसऱ्याला देईन म्हणालाय. तू काम आटपून ये. येताना बाबांची दुर्बीण आण. "गर्दी ओसरली की जाऊ," असं आपण दोघंही त्यांना सांगत राहिलो. ते थांबले नाहीत. आता एकट्यानेच स्वतःला कोसत बसू नकोस.

माणसं किती, असं त्याने विचारल्यावर मी सवयीने तीन म्हणाले. चूक लगेच कळली, पण परत फोन केला नाही. तिसरी गादी घातलेली असू दे.

— बारकी