डाव्या हातातला चमचा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस नाही. मी पुण्यात कार्टूनची चित्रं काढते, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. आता धाराशिवलाच असते. परदेशातल्या कंपनीला तिथली माणसं महाग पडली म्हणून काम पुण्यात आलं, आणि पुणं महाग पडलं म्हणून बसस्टँडमागच्या आमच्या दोन खोल्यांत. अकरा पोरंपोरी आहेत, मी त्यांची मॅडम. कार्टूनमधल्या पोरानं हात उचलला, हात खाली ठेवला, ही पहिली आणि शेवटची चित्रं तिकडून येतात. मधली सगळी आम्ही काढायची. शेवटी पडद्यावर नावं सरकतात, त्यात आम्ही नसतो. इथली माणसं किती कमी पैशात राबतात, हे पुण्याच्या साहेबांना मीच हौसेनं सांगत असते.

तेरच्या शाळेतल्या भिंतीवरचा तुमचा नकाशा आठवतो. मी सातवीत. तुम्ही शिडीवर आहात, मी खाली आपला जिल्हा रंगवतेय. ब्रश जास्त बुडवला गेलाय आणि जिल्हा ओघळून थेट कर्नाटकात शिरलाय. हेडमास्तर ओरडतात, "कुणी केला ह्यो राडा?" मी ब्रश पाठीमागं लपवते. तुम्ही वरूनच म्हणता, "माझा हात घसरला." ते गेल्यावर तुम्ही खाली उतरलात, माझ्याकडं न बघता ब्रश धुतलात. "रंग सांडला त्याचं काय न्हाय. पण मूग गिळून का बसलीस गं? आपलं हाय ते आपलं म्हणावं." दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं. तुम्ही आठवडाभर मला ब्रशच दिला नाहीत.

गेल्या महिन्यात एका गोऱ्या पोराच्या जेवणाचा प्रसंग आला. लोहाऱ्याहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी आहे, आमच्यात सगळ्यात सफाईचा हात तिचा. आलेल्या चित्रांत चमचा डाव्या हातात होता. तिनं मधल्या सगळ्या चित्रांत तो उजव्या हातात दिला. "मॅडम, डाव्या हातानं कोण जेवतंय का? मला वाटलं त्येंचंच चुकलंय, म्हणून नीट केलं." पडद्यावर चमचा या हातातून त्या हातात उड्या मारायला लागला आणि सगळं काम परत आलं. काल सकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला, "असंच होणार असेल तर तुमच्याहून स्वस्त लोक आहेत आमच्याकडे. कुणी काढलं, कुणी तपासलं, लेखी पाठवा. जो जबाबदार असेल त्या माणसाला आजच कामावरून काढा."

तपासलं मीच होतं. खरं सांगते सर, मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. पोरगं उजव्या हातानं जेवतंय, म्हणून मीही पुढं गेले.

उद्यापासून येऊ नकोस, असं मी सांगितल्यावर काल संध्याकाळी तिनं डबा, पाण्याची बाटली पिशवीत भरली. "मॅडम, तुमी तरी सांगा की त्येनला, मी मुद्दाम न्हाय केलं."

"सांगितलंय," मी म्हणाले. सांगितलं नव्हतं.

बाकीच्या दहा जणांचं काम वाचलं, असं मी मनाला बजावतेय, आणि ते खोटंही नाही. मी गेले असते तर खोल्यांना कुलूपच लागलं असतं. पण तुम्ही हयात असता तर हे तुम्हाला कळू दिलं नसतं, आणि आताही हा कागद कुठं जाणार नाही. साहेबांना पाठवायच्या तक्त्यात तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. ते पुसून मी तिथंही तिचंच टाकलं.