कोर्ट उठेपर्यंत

६ मार्च १९५७, बुधवार
आज कपाळावर राख घेतली, चाळीस दिवसांचा उपास सुरू. पाद्रीबाबा इगर्जीत म्हणाले, ‘चाळीस दिवस मटण सोडून देवाला काय मिळतं? तुमका बघून लोकांक देव दिसाक होयो!’ देव खरा, देव दयाळू, देव सोसणारा — रोज त्याच्यासारखं एकदा तरी वागायचं आणि रात्री मनाशी तपासायचं.
देवाला काय जातंय! त्याला पहाटे तीनला उठून पावाची भट्टी पेटवावी लागत नाही. पण मी, रोजालीन, करून दाखवीन. हट्टाला मी कमी नाही.

९ मार्च
शेजारणीची कोंबडी पिठात शिरली. शिवी तोंडापर्यंत आली होती — गिळली. एक दिवस जमला!

१३ मार्च, बुधवार
संध्याकाळी दाजी माडाची ताजी माडी घेऊन आला नाही. माडीशिवाय पीठ फुगणार कसं? माझ्या सासूच्या सासूपासून या भट्टीत पीठ माडीवरच फुगतं. दारूबंदी आली तरी दाजी माडावरून उतरवतो, तिन्हीसांजेला मागच्या दाराने कळशी ठेवतो. आम्ही ती पीत नाही, पिठात घालतो. तरी कायद्याला पीठ आणि पोट सारखंच!
दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. काठवटीत पीठ तसंच कोरडं.

१४ मार्च
दाजीला पोलिसांनी धरलं. माझ्या भट्टीकडच्या पाणंदीतच, हातात भरलेली कळशी. म्हणाला म्हणे, ‘माझ्या पिण्याची आसा.’ माझं नावसुद्धा घेतलं नाही!
हा माणूस माझ्यासाठी आत गेला. धरलं जायची ही दुसरी खेप त्याची. सहा महिने देतील.

१५ मार्च, शुक्रवार
सुभद्रा आली, दाजीची बायको. केस विस्कटलेले, पायात वहाण नाही. ‘बाय, दोन वर्सा झाली, माझ्या घोवान थेंब तोंडाक लावूक नाय. ती माडी तुझ्याच पावाची. तू येक सबुद सांग गो, नायतर सा म्हयने आत जातलो.’
दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी. आणि मी म्हणाले — मी माडी घेतच नाही!
सुभद्रा नुसती बघत राहिली आणि गेली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च, रविवार
कुमसारात, पापाची कबुली देताना, पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. वाटलं, दहा प्रार्थना सांगतील नि सुटेन. ते म्हणाले, ‘देवाला सांगितलंस, बरं केलंस. त्याला आधीच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला कधी सांगणार?’
राग आला मला! भट्टीचा परवाना गेला तर खाऊ काय? नवरा कैतान बोटीवर स्वयंपाकी, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. भट्टी बंद पडली तर माझ्या हाताला दुसरं काय येतं?

२१ मार्च
झोप नाही. दाजी देवळात नारळ ठेवणारा, मी गळ्यात क्रूस घालणारी. आणि माझा दोष अंगावर घेऊन गप्प बसलाय तो! देव दिसतोय तो त्याच्यात. माझ्यात नाही. वाईट वाटतं, लाजही वाटते.

२४ मार्च
उद्या खटला. लुगडं धुऊन वाळत घातलंय.

२५ मार्च, सोमवार
बोलले! बोलले! बोलले!
कोर्टात बायबलावर हात ठेवला आणि आवाज सापडला. ‘साहेब, ती माडी पिण्यासाठी नाही, पावासाठी. माझ्या भट्टीसाठी. वर्षानुवर्षं घेते. दाजी मला वाचवायला खोटं बोलतोय.’
मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. ‘बाई, हे बोलायला तुम्हांला कोणी पढवलं?’
‘कोणीच नाही, साहेब. म्हणून तर इतके दिवस लागले.’
लोक हसले. दाजी हसला नाही. मान खाली घालून उभा. मला वाटलं, उपकाराने गहिवरलाय.
दाजीला ताकीद देऊन सोडलं. मला शिक्षा — कोर्ट उठेपर्यंत कैद! आणि परत भट्टीत माडी दिसली तर परवाना रद्द. म्हणजे आज तरी शाबूत!
मग काय, पाच वाजेपर्यंत बाकावर बसले, शेजारी पोलीस. अर्धं मालवण बघून गेलं. माझी मान एवढी ताठ लग्नातसुद्धा नव्हती. सुभद्राने खिडकीतून शहाळं दिलं. पोलिसाने दुसरीकडे बघितलं. इतकं गोड पाणी मी आजवर प्यायले नव्हते.

२८ मार्च
इतके दिवस नुसती बिस्किटं भाजली; आज माडीशिवाय पाव केला. मासे विकणारी शेवंती दारात उभी राहून म्हणते, ‘रोजाबाय, ह्यो पाव काय जांभो? घर बांदूक बरो!’ मी पण हसले. मग आत जाऊन रडले.

६ एप्रिल
आदल्या दिवशीचा पिठाचा गोळा राखून नव्या पिठात मिसळते आहे. फुगतो थोडा, आंबट होतो फार. हरणार नाही.

२० एप्रिल, शनिवार
फुगलं! झाकण उचललं तर पीठ काठवटीबाहेर! बोट खुपसलं, हळूच वर आलं. एकटीच ओरडले, ‘आलेलुया!’ कोंबडी पळाली.

२१ एप्रिल, पास्खाचा (ईस्टरचा) सण
सगळे पाव नऊच्या आत संपले. शेवंतीने दोनदा नेले. पाद्रीबाबांनी तोडून वास घेतला, म्हणाले, ‘हो पाव कोणाक भियेत नाय!’ छाती भरून आली. लपवायला काही उरलं नाही, दार मागचं असो की पुढचं.

२३ एप्रिल, मंगळवार
दाजी आला. भट्टीच्या पायरीवर बसला, वर बघेना.
‘रोजाबाय, ती कळशी तुझी नाय होती. तुझी माडी अजून माडारच होती. ती माझी, पिऊची. सुभद्राक चोरून पियत होतंय. पोलिसांक मी खराच सांगलंय. मगे तू उबी रवलंस... आणि मी गप रवलंय. त्या दिसापासून थेंब नाय, बाय. पण झोपय नाय.’
हातातली पाव काढायची फळी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. माझी नसलेली कैद मी ताठ मानेने भोगली! याचा दोष मी दिवसभर अंगावर घेऊन बसले आणि मला पत्ताही नाही!
मग मनात आलं, दुसऱ्याचा दोष मी कळून कधी अंगावर घेतला असता का? मुळीच नाही. देवाने मला न विचारता करून घेतलं.
हसायलाच लागले. दाजी घाबरला. त्याला गरम पाव दिला. रडत रडत खाल्ला त्याने. मी दुसरा दिला.