काळ्या वाटेची दुरुस्ती

२ सप्टेंबर, मंगळवार

तिन्ही वाटांची पाहणी आज पूर्ण झाली. पार्क मुलीच्या, सुलेखाच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. आत सायकलींसाठी जंगलातून वाटा काढल्यात — हिरवी, निळी, काळी. पाट्यांवर तसे रंग आहेत.

हिरवी — उत्तम. चार फूट रुंद, पाण्याचा निचरा व्यवस्थित. लहान मुलं आणि नवशिके तिच्यावर दिसतात. निळी — मध्यम. पाइनची मुळं वर आलीत, दोन वळणं चुकलीत. काळी — लाज वाटावी अशी. दगड जिथल्या तिथे सोडलेत, उतार मनाला येईल तसा. आणि सुरुवातीलाच पाटी, 'सर्वांत अवघड'. दुरुस्ती करायची सोडून पाटी लावून मोकळे! हे फक्त आपल्या देशात चालतं अशी माझी समजूत होती. एकतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, अशा पाट्या मीही लावल्यात.

३ सप्टेंबर, बुधवार

नेत्रा एप्रिलमध्ये पडली ती याच काळ्या वाटेवर. पंधरा वर्षांची नात, कॉलरबोन मोडलं, मी कराडला बसून फोनवर ऐकलं. जागा आज नीट पाहिली. अडीच फुटांचा सरळ कड्यासारखा दगड, खाली आणखी चार. इथली मंडळी त्याला 'टोल बूथ' म्हणतात, कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं. नेत्राने हाड दिलं.

११ ऑक्टोबरला तिच्या शाळेच्या सायकल टीमची शर्यत आहे. याच वाटेवरून. जाऊ देऊ नका, असं मी जेवताना म्हटलं. सुलेखाचं म्हणणं, भीती तिथल्या तिथे मोडली पाहिजे. जावई देवांगराव म्हणाले, टीमची सगळी मुलं त्या दगडापाशी घंटा घेऊन उभी राहणार आहेत, तिला चिअर करायला. इथे शर्यतीत गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. नेत्रा भात चिवडत बसली होती.

मला भीती वाटते. बोलून उपयोग नाही म्हणून इथे लिहितो.

८ सप्टेंबर, सोमवार

वादळात काळ्या वाटेवर झाड आडवं झालंय. २१ तारखेपर्यंत वाट बंद, दोरी बांधलीय. वाहतूक बंद — कामाला याहून चांगली वेळ नाही.

टेप, वही, पेन्सिल घेऊन गेलो. मोजमाप घेतल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हा नोकरीतला शिरस्ता. पाचही दगडांची लांबी, रुंदी, एकमेकांपासूनचं अंतर, कोन, सगळं टिपलं. आकृती काढली. बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सुलेखा आणि जावई आठला ऑफिसला, नेत्रा त्याआधीच शाळेत. मी साडेआठला कामावर.

गॅरेजमध्ये पहार, फावडं आणि एकचाकी गाडा मिळाला. गाडीच्या डिकीत रस्त्यावरचे कामगार घालतात तसलं केशरी जाकीट होतं, तेही घातलं. योजना साधी: खालचे चार दगड बाजूला, वरच्या दगडापासून मातीचा भराव, उतार एकास सहा. पडलेल्या झाडाच्या मुळाशी लाल माती हवी तेवढी आहे.

आज एकच दगड हलला. कंबर बोलते आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

गाडा घेऊन हिरवी वाट ओलांडत होतो. तीन सायकलवाले थांबले आणि एकेकाने थँक्यू म्हटलं. एकाने पाण्याची बाटली दिली. एकतीस वर्षांत रस्त्यावर मला कोणी थँक्यू म्हटलेलं नाही. एकदा एकाने चप्पल फेकली होती.

सुलेखाने विचारलं, बाबा, बुटांना एवढी माती कशी? म्हटलं, फिरतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काम पूर्ण. भराव तीन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून चोपला. दोन्ही बाजूंना पाणी जायला चर. आता यावरून दूधवालासुद्धा कॅन लावून उतरेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वाट कालपासून सुरू. नेत्रा आज प्रॅक्टिसहून आली ती शीळ घालत. तीन पोळ्या खाल्ल्या. एप्रिलपासून हिचं जेवणावर लक्ष नाही असं सुलेखा सांगत होती! मी विचारलं, आज काय विशेष? 'नथिंग, आजोबा,' आणि माझ्या गळ्यात हात टाकला.

काम बोलतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

रात्रीच्या जेवणाला सुलेखाने फोनवरून मोठ्यांदा वाचून दाखवलं. सायकल क्लबने फोटो टाकलाय — माझ्या उताराचा. वर लिहिलंय की कुणा मूर्खाने टोल बूथ गाडून टाकला. खाली दोनशे चौदा लोकांनी मतं दिलीत. त्यातलं एकही चांगलं नाही.

मग देवांगरावांनी समजावून सांगितलं, मला नव्हे, असंच. तो दगड क्लबच्या लोकांनी तिथे मुद्दाम ठेवला होता. पाच जणांनी मिळून, दोन शनिवार खपून. अवघड असणं हेच त्या वाटेचं काम. माणसं तासभर गाडी चालवून तो दगड उतरायला येतात.

मुद्दाम!

नेत्रा ताट तसंच ठेवून वर निघून गेली. तिचा दगड मी पळवला. इतके महिने जिची तयारी केली तीच गोष्ट मी सपाट करून ठेवली. रागावली असणार.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सुलेखाला सांगितलं. ती ऑफिसची बॅग खांद्याला लावून उभी होती, तशीच खाली बसली.

'बाबा, प्लीज सांगा की तुम्ही जोक करताय.'

मी वही दाखवली. तिने पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, 'ओ गॉड, स्केलसुद्धा लिहिलंय.'

२७ सप्टेंबर, शनिवार

क्लबचे प्रमुख ग्लेन घरी आले. माझ्याच वयाचे, गुडघ्याला पट्टा. मी माफी मागितली, सुलेखाने इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मोजमापाची वही मागितली, चष्मा लावून वीस मिनिटं वाचली. म्हणाले, आम्ही बांधला तेव्हा आमच्याकडेसुद्धा एवढी माहिती नव्हती. मग विचारलं, शर्यतीआधी परत बसवता येईल का?

म्हटलं, पाव इंचाचा फरक पडणार नाही.

नेत्रा जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहून हात वर केला. काळजी करू नकोस, अशा अर्थाने.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचही दगड जागेवर. ग्लेन आणि क्लबचे चार जण मदतीला होते. बसवायचं आकृतीप्रमाणे, हुकूम माझा. एका तरुणाने तिसरा दगड दोन इंच डावीकडे ठेवला, मी परत उचलायला लावला. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेन त्या दगडावरून स्वतः सायकलने उतरले. या वयात! आणि खाली पोचल्यावर चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा. तेव्हा मला ती काळी वाट पहिल्यांदा कळली.

घरी येऊन नेत्राला सांगितलं, तुझा दगड जसाच्या तसा आहे. ती 'थँक्स' म्हणाली आणि दार लावून घेतलं. राग अजून गेलेला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या शर्यत. सुलेखाने घंटा आणल्यात, मलाही एक दिली. नेत्रा जेवली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी सहा

नेत्रा आत्ता माझ्या खोलीत येऊन बसलीय. शर्यतीचे कपडे अंगावर आहेत.

'आजोबा, मी टोल बूथवर नाही पडली. ग्रीनवर पडली. पार्किंगजवळ. तिकडे काहीच नव्हतं.'

सरळ सपाट वाटेवर, हँडल सोडून जाकिटाची चेन लावताना. लाज वाटली. कोणीतरी म्हणालं टोल बूथच असणार, ही गप्प बसली. मग सुलेखाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्या दगडावरून ती एकदाही उतरलेली नाही. एकदाही! दरवेळी बाजूने सायकल हातात धरून उतरते, कोणी बघत नसताना. भराव घातला तेव्हा साऱ्या गावात एकटी तीच खूश होती. आणि मी दगड परत बसवले. वर हात करून दाखवला.

मला फार वाईट वाटलं. आत्ता गेलो तर शर्यतीआधी, नऊच्या आत दोन दगड हलतील, असं म्हणालो. ती हसली, मग रडायला लागली.

म्हटलं, आईला मी सांगतो.

'नको. मी सांगते. तुम्ही फक्त माझ्या बाजूला उभे राहा. काही करू नका.'

सुलेखाचा गजर वाजतोय. जाऊन उभा राहतो.