अंड्याचा अंश

३ ऑक्टोबर
दवाखान्यातून फोन. सिस्टर म्हणाल्या, फ्लूची लस आली आहे, साठीच्या पुढच्यांनी आधी येऊन जा. बघतो म्हणालो. हिला जाऊन नऊ महिने झाले. फ्लूनेच गेली – चार दिवस ताप, मग छाती भरली. आता मला कसली लस!

६ ऑक्टोबर
गेलो एकदाचा. सवयीने आधी माहितीपत्रक मागितलं. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय, बारीक अक्षर दिसलं की सोडवत नाही. एकेक शब्द विचारत बसलो. मागे एक बाई पुटपुटली, "आजोबांची परीक्षा आहे वाटतं." सिस्टर मात्र वैतागल्या नाहीत. लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात – शरीराने त्याचं तोंड ओळखून ठेवावं म्हणून. तो मारायला फॉर्मालिन. नंतर ते काढून टाकतात; उरतं त्याहून जास्त आपल्या रक्तातच असतं. पॉलिसॉर्बेट कशाला? कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून. क्षार कशाला? रक्ताशी जुळावं म्हणून.

मग अंडं. विषाणू अंड्यात वाढवतात, त्याचा अंश राहतो. मी म्हणालो, "म्हणूनच आमच्या हिला कधी घेऊ दिली नाही. केकच्या तुकड्यानेही अंगभर गांधी उठायच्या."

सिस्टर लिहिता लिहिता थांबल्या. "काका, अंडं न सोसणाऱ्यांनाही देतो आम्ही. अंश अगदी नगण्य असतो. आणि त्या अंड्याचा त्रास व्हायचाच तर बहुतेक अर्ध्या तासात दिसतो, तेव्हा आम्ही समोरच असतो. बरीच वर्षं झाली हे बदलून."

लस न घेताच उठून आलो.

७ ऑक्टोबर
दर वर्षी नको म्हणणारा मीच. ती तयार असायची. "शेजारच्या सगळ्यांनी घेतली हो," म्हणायची. मी कधीकाळी वाचलेलं तिला ऐकवायचो. पुन्हा कुणाला विचारलं नाही. एवढा शहाणा मी.

८ ऑक्टोबर
दुकानात गेलो नाही.

११ ऑक्टोबर
एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालकाने न बोलता काढून नीट केली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ठकी, आमची एकुलती एक, ऑफिसातून परस्पर डबा घेऊन येते. आज झाकण उघडून बघितलं तिने. "बाबा, कालचं तसंच आहे की." भूक नव्हती म्हणालो. तिला काय सांगू? तुझ्या आईला मी –

१४ ऑक्टोबर
पुन्हा सिस्टरांकडे. सरळ विचारलं, दिली असती तर वाचली असती का?

"कसं सांगू काका? त्यांना दमा होता. लस घेऊनही काहींना आजार जड जातो. धोका कमी होतो, संपत नाही."

खोटा दिलासा दिला नाही, बरं झालं. मी निघताना त्यांनी विचारलं, "मुलीशी बोललात?" मी मान हलवली. नाही.

१६ ऑक्टोबर
आज ठकीला सांगितलं. सगळं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला, उरलेली भांडी तशीच ठेवली. मग घरी गेली. दारात चप्पल उलटसुलट घातली, तेही तिला कळलं नाही.

गेली आता. पुन्हा काही माझं तोंड बघायची नाही.

१७ ऑक्टोबर
भल्या सकाळी ठकी दारात. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, आईने लस घेतली होती. नोव्हेंबरात, माझ्या ऑफिसात घरच्यांनाही देत होते तेव्हा. मीच नेलं तिला. अंड्याचं तिथे सांगितलं नाही. तुम्हाला कळू देऊ नको म्हणून तिने शपथ घातली होती. आणि दोनच महिन्यांत ती... मला वाटत होतं, माझ्यामुळेच गेली."

तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मग लशीत काय काय असतं ते एकेक करून सांगितलं.

अंड्याचं दोनदा.