लोधिवलीच्या खळग्यातली अकरा पिल्लं

३ नोव्हेंबर १९७४
बायको, जयवंता, जाऊन आज चाळीस दिवस. रडणं माझ्या स्वभावात नाही. धाकटा भाऊ वाल्मिक नेरळहून आला. "दादा, एकट्यानं इथं काय करणार? घर बंद करू, चला." मी म्हणालो, संशोधन चालू आहे.
जयवंता नदीतल्या ज्या खडकावर भांडी घासायची, त्याला लागून खळगा आहे. दिवसा वीजघराचं पाणी सुटलं की तो बुडतो, संध्याकाळी उघडा पडतो. तरी माशांची तीच पिल्लं परत तिथंच. ती म्हणायची, "कुठं जात नायत ती. आपली हायेत." मी हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करणार.
पैज ठरली. महिनाअखेर खूण केलेल्यांपैकी निम्मी पिल्लं याच खळग्यात सापडली तर मी इथंच. नाहीतर नेरळ. वाल्मिक हसला. हसू दे.

४ नोव्हेंबर
तिच्या शिवणाच्या कात्रीनं खूण म्हणून अकरा पिल्लांच्या शेपटीचं टोक कापलं. संध्याकाळी मोजली. अकरा! मत्स्यखात्याला कळवावं का?

५ नोव्हेंबर
बहीण आवडी महिनाभर स्वयंपाकपाणी बघत होती, आज सासरी गेली. बरं झालं. भांड्यांच्या आवाजानं निरीक्षणात व्यत्यय. जेवणाचं ताट आता शेजारची पुतळाबाई पाठवते आणि उष्टं ताट घेऊन जाते. मला काहीच करावं लागत नाही. उत्तम व्यवस्था.

११ नोव्हेंबर
सात. थंडी.

१७ नोव्हेंबर
दोन. पाणी गढूळ. नऊ कपारीत विश्रांती घेत असावीत. तीही हिशेबात धरून अकरा.

२४ नोव्हेंबर
एकही दिसत नाही. याचा अर्थ एकही बाहेर गेलेलं दिसलं नाही.

२९ नोव्हेंबर
पुतळाबाईनं विचारलं, "मास्तर, सारखं काय मोजताय?" सांगितलं. ती पोट धरून हसली. "शेपूटतुटकी व्हय? समदी माज्या धोंड्यापाशी हायेत की! तुमचं ताट तितं घासते मी. शितं सांडतात. जयवंताक्का रोज मूठभर भात टाकायची त्यांना. तुमाला नाय ठाव?"
तीस वर्षं एका घरात राहिलो. ठाऊक नव्हतं.
तिच्या धोंड्यापाशी जाऊन मोजली. अकरा.

३० नोव्हेंबर
अजून एक दिवस आहे. पुतळाबाईला सांगितलं, आज ताट नको. आयुष्यात पहिल्यांदा भात केला. करपला. पातेलं खडकावर नेऊन राखेनं घासलं, मूठभर भात खळग्यात टाकला. पाणी ओसरेपर्यंत बसलो.
एक पिल्लू आलं. धरून पाहिलं. शेपूट शाबूत होतं.

१ डिसेंबर
वाल्मिक टेंपो घेऊन आला. निकाल त्यानं विचारला नाही.